पाठ न बदलणारा खेळ

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा नवा संच आला की दांडिया बाजारातली आपली मराठी मुलं आधी चित्रं बघतात, नियम नंतर. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून ज्या बडोद्यात आहे, तिथे हे साहजिकच आहे. दर संचात खूण बदललेली दिसते, अधूनमधून चौकट आणि अक्षरंही. पान उलटलं की मात्र ऑगस्ट १९९३ पासूनची तीच तपकिरी पाठ.

ही पाठही बदलणारच होती. डिसेंबर १९९३ मध्ये 'अरेबियन नाइट्स' हा पहिला विस्तार-संच आला. खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड यांनी त्याला वेगळ्या रंगाची पाठ द्यायचं ठरवलं होतं. खेळणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, आणि तो रास्तच होता. जुनी-नवी पानं एकाच गड्डीत पिसली, तर वरचं पान नव्या संचातलं आहे हे पाठीवरूनच कळलं असतं. ऐन वेळी जुनीच पाठ ठेवली गेली आणि वेगळेपणासाठी पुढच्या बाजूला समशेरीची छोटी खूण आली. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत मोलाचा निर्णय. तो झाला नसता, तर दर संच म्हणजे एक निराळाच खेळ झाला असता. पाठ इतकी पक्की झाली, की कंपनीने अशा खेळांना दिलेलं 'डेकमास्टर' हे सामाईक नाव वापरातून गेलं तरी पाठीवर अजून छापलं जातं.

त्यामुळे बदल झाले ते पुढच्या बाजूला. १९९८ च्या 'एक्सोडस'पासून संचाची खूण काळी, चंदेरी किंवा सोनेरी असू लागली. पान किती दुर्मीळ ते बघताक्षणी कळू लागलं. २००३ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर सगळी चौकटच बदलली, आणि जुने खेळाडू नाराज झाले. २०१४ मध्ये अक्षरं बदलली, दुर्मीळ पानांवर चमकता शिक्का आला.

पाठीचा नियम मोडला तो २०११ च्या 'इनिस्ट्राड'मध्ये. माणूस उलटला की लांडगा, अशी दुतोंडी पानं निघाली. त्यांना पाठच नव्हती. मग अपारदर्शक कव्हरं घालायची, नाहीतर दुतोंडी पानाच्या जागी नेहमीच्या पाठीचं, अशा पानांच्या नावांची यादी छापलेलं पान गड्डीत ठेवायचं.

२०१६ च्या 'कलादेश'ची वेलबुट्टी आणि पेहराव भारतीय कलेवरून घेतलेले होते. आपल्याकडे त्याचं कौतुक होणारच. २०१९ च्या 'थ्रोन ऑफ एल्ड्रेन'पासून एकाच पानाची साधी आणि खास चौकटीतली, अशी दोन रूपं एका संचात नेहमीची झाली. आणि २०२१ मध्ये 'टाइम स्पायरल रीमास्टर्ड'मध्ये २००३ पूर्वीची चौकटही परत छापली गेली. मला तीच सर्वांत देखणी वाटते.