रानपिंगळा: एका चिठ्ठीने चकवलेला शोध

रानपिंगळा दिसल्याची बातमी अधूनमधून येते. कधी मेळघाटातून, कधी यावलमधून, कधी चक्क ठाणे जिल्ह्यातून. बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'नामशेष समजला गेलेला हा पक्षी ११३ वर्षांनी सापडला.' वाक्य खरं आहे. पण एवढा ठळक, दिवसाउजेडी शेंड्यावर बसणारा पक्षी ११३ वर्षं कुणाला दिसला कसा नाही, हा प्रश्न त्या वाक्यात येत नाही. त्याचं उत्तर जितकं सातपुड्यात आहे, तितकंच लंडनच्या एका संग्रहालयातल्या कपाटात आहे.

आधी पिंगळ्याबद्दल. साधा पिंगळा आपल्या ओळखीचा. गावात, शहरात, आंब्याच्या नाहीतर वडाच्या ढोलीत राहणारा, दिवेलागणीला तारेवर येऊन जोडीदाराशी कचाकचा भांडल्यासारखा ओरडणारा. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळाही याच पक्ष्याची बोली कळते म्हणून तसा म्हणवला जातो. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. लांबीला फारसा फरक नाही, २३ सेंटिमीटरच्या आसपास, पण वजनाने जवळजवळ दुप्पट. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते, याचं डोकं जवळपास कोरं. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरंशुभ्र, आणि पाय असे की पांढरे लोकरी मोजे घातल्यासारखे, बोटांपर्यंत पिसांनी भरलेले.

शास्त्राला हा पक्षी ठाऊक झाला १८७२ च्या डिसेंबरात. आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट या इंग्रजाने तो मारला आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवला. हो, काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम तेच हे. राजकारणातला ह्यूम आपण शाळेत शिकतो. पक्ष्यांमधला ह्यूम त्याहून मोठा होता, असं माझं मत. ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरलेले कारकून, इंजिनिअर, जंगल अधिकारी, कलेक्टर यांना त्यांनी पक्षी गोळा करायच्या नादी लावलं, 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक काढलं, आणि आलेले नमुने सिमल्याच्या घरात साठवले. ब्लेविटचा पक्षी पाहून ते इतके चक्रावले की १८७३ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी नवी प्रजातीच (इंग्रजीत 'जीनस', म्हणजे जवळच्या जातींचा गट) उभी केली: हेटेरोग्लॉक्स, म्हणजे 'वेगळं घुबड'. मागे ब्लेविटचं नाव जोडलं.

दुसरा नमुना १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाने खरियार भागात, म्हणजे आजच्या ओडिशात मिळवला. बाकीचे सगळे आले खान्देशातून. जेम्स डेव्हिडसन नावाचा आयसीएस अधिकारी १८८० च्या दशकात तिथे नोकरीला होता. शहादा-तळोद्याकडच्या जंगलात त्याला हा पक्षी अनेकदा भेटला, आणि त्याने काही नमुने जमवले. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर विश्वासार्ह नोंद नाही.

याच सुमारास ह्यूम यांच्या घरातही उलथापालथ झाली. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहायला म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं केली होती. ते घरी नसताना नोकराने ते कागदांचे गठ्ठे सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. ह्यूम यांचं मन त्यातून उठलं ते उठलंच. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, पक्षी आणि अंडी मिळून ८२,००० च्या घरात. देवदाराच्या ४७ पेट्या भरल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

पुढची गोष्ट कळायला संग्रहालयातला पक्षी कसा असतो हे पाहायला हवं. दिवाणखान्यात काचेच्या डोळ्यांचा, फांदीवर बसवलेला भुसा भरलेला पोपट वेगळा. अभ्यासाचा नमुना म्हणजे पाठीवर झोपवलेलं कातडं. आतलं मांस काढून कापूस किंवा ताग भरलेला, डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे बोळे, पोटावर टाका घातलेला, पंख अंगाशी मिटलेले, पाय एकावर एक बांधलेले आणि त्या पायाला दोऱ्याने लटकणारी एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे नुसती पिसं. पण एक गोष्ट चिठ्ठीवर नसते आणि तरी नमुन्यात असते, ती म्हणजे तो तयार करणाऱ्याचा हात. कोण कापूस कसा कोंबतो, कवटी कशी साफ करतो, टाका कुठून कुठवर घालतो, हे हस्ताक्षराइतकंच ज्याचं त्याचं असतं.

आता या गोष्टीत येतो कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, गुप्तहेर, शिकारी, पक्षितज्ज्ञ, आणि स्वतःबद्दलच्या कहाण्या रंगवून सांगण्यात पटाईत. ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी विभागातून परवानगीवाचून नमुने उचलल्याबद्दल १९१९ मध्ये त्याला दीड वर्ष तिथे प्रवेशबंदी झाली होती. तरी १९५४ मध्ये त्याचा स्वतःचा संग्रह, सुमारे २०,००० पक्षी, त्याच संग्रहालयाने कौतुकाने स्वीकारला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठी सांगत होती: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४.

त्या एका चिठ्ठीने दोन गोष्टी केल्या. पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षं जिवंत होता असं ठरलं, आणि तो दक्षिण गुजरातेत मांडवीच्या बाजूला होता असंही ठरलं. पुढे शोधायला निघालेल्यांच्या नकाशात मांडवी ठळक झाली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनीही १९७० च्या दशकात हा पक्षी शोधला. त्यांना मिळाला नाही. दोघंही उपखंडातल्या पक्ष्यांवरचे त्या काळातले सर्वात मोठे जाणकार. त्यांना सापडत नाही म्हटल्यावर पक्षी संपला असंच बहुतेकांनी धरलं.

सालिम अलींचा आणि मायनर्ट्झहागेनचा जुना परिचय होता. १९३७ मध्ये दोघं अफगाणिस्तानात पक्षी गोळा करायला एकत्र गेले होते. मुक्कामात कर्नलसाहेब रात्री डायरीत सालिम अलींबद्दल, आणि एकूणच हिंदी माणसांबद्दल, वाटेल ते लिहीत. बऱ्याच वर्षांनी सालिम अलींच्या हाती तो मजकूर लागला, तेव्हा त्यांनी तो आपल्या आत्मचरित्रात जसाच्या तसा छापून टाकला. चिडले नाहीत, उलट मजेने छापला. त्या डायऱ्यांवर विश्वास ठेवण्यात धोका आहे हे नंतर अभ्यासकांनी सिद्ध केलं. सालिम अलींना त्याचा वानवळा घरबसल्या मिळाला होता म्हणायचा.

१९९३ मध्ये ॲलन नॉक्स या ब्रिटिश अभ्यासकाने कर्नलच्या काही नमुन्यांच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत हे दाखवलं. पॅमेला रासमुसेन तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत होत्या आणि दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर काम करत होत्या. कुठला पक्षी कुठे सापडतो याचे नकाशे काढायचे, तर जुन्या नमुन्यांवर विसंबावं लागतं, आणि त्यात मायनर्ट्झहागेनच्या नोंदी पदोपदी. त्यांनी आणि संग्रहालयाच्या रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी त्या संग्रहातले पक्षी एकेक करून तपासायला घेतले. एक्स-रे काढले, कापूस पाहिला, टाके पाहिले. कर्नलची पद्धत समोर आली ती अशी: संग्रहालयातला दुसऱ्याचा नमुना उचलायचा, जुनी चिठ्ठी फेकून द्यायची, स्वतःची लावायची, आणि कधी कधी आतला कापूस काढून नव्याने भरायचा, म्हणजे मूळ हात ओळखू येऊ नये.

रानपिंगळ्याचं प्रकरण रासमुसेन आणि ब्रिटिश पक्षितज्ज्ञ नायजेल कॉलर यांनी सोडवलं. १९१४ चा म्हणवलेला पक्षी खरं तर १८८० च्या दशकात डेव्हिडसनने खान्देशात तयार केलेला होता. कर्नलने तो संग्रहालयातून लांबवला, उसवला, पुन्हा भरला. पण डेव्हिडसनचा हात त्यात उरला होताच. त्यात ऑक्टोबर १९१४ म्हणजे पहिलं महायुद्ध नुकतं पेटलेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे महाशय पूर्व आफ्रिकेत टांगाच्या लढाईत होते. चोरीचा माल त्याच दुकानाला भेट देण्याची ही कारागिरी मला आजही थक्क करते.

या तपासाचा परिणाम सरळ होता. मांडवी खोटी ठरली, आणि उरली फक्त खरी ठिकाणं: बसना-फुलझर, खरियार, शहादा-तळोदा. पक्षी असेलच तर या तीन भागांत. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकन भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणं पाहिली. तिथे काही हाती लागलं नाही. मग शहादा. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं. २५ नोव्हेंबरच्या सकाळी डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात बेन किंगना एका उघड्या फांदीवर एक जाडसर घुबड दिसलं. कोरं डोकं. पांढरे, भरीव पाय. ऊन चांगलं वर आलेलं, आणि पक्षी लपायचं नाव घेत नव्हता. चित्रीकरण झालं, फोटो निघाले, शंका उरली नाही. कपाटातला कर्नलचा खोटेपणा उघड करणारा कॉलर-रासमुसेन यांचा सविस्तर लेख १९९९ मध्ये छापून आला. पक्षी त्याच्या आधी सापडला होता.

नंतरचं काम आपल्याकडच्या लोकांनी केलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात पक्ष्याच्या वागण्याचा अभ्यास केला. पुढे गिरीश जठार मेळघाटात राहिले. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्व्हेशन सोसायटीच्या प्राची मेहता आणि सहकाऱ्यांनी खंडवा, बऱ्हाणपूर, बैतुलकडची मध्य प्रदेशातली जंगलं पालथी घातली. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते घुबडाविषयीच्या आपल्या कल्पनेशी जुळत नाही. रानपिंगळा दिवसाचा पक्षी. हिवाळ्यात सकाळी तो सागाच्या किंवा सालईच्या शेंड्यावर ऊन खात बसतो, आणि सावज दिसलं की शेपूट झपझप डावी-उजवीकडे हलवतो. साधा पिंगळा मान खालीवर करतो, याची शेपूट बोलते. खाणं मुख्यतः पाली, सरडे, सापसुरळ्या. शिवाय उंदीर, टोळ, क्वचित एखादा छोटा पक्षी. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत. नर शिकार आणतो, मादी अंड्यांवर बसते.

जुन्या झाडाच्या ढोलीत, हे इथे महत्त्वाचं. त्याला गर्द सदाहरित जंगल नको असतं, विरळ पानझडी सागवन चालतं, मोकळी जमीनही हवी असते कारण सरडे तिथेच मिळतात. पण ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. तळोदा आणि यावलच्या बाजूला जंगल शेतीखाली जात राहिलं, जळणासाठी खोडं तुटत राहिली, वणवे लागत राहिले. शिवाय घुबड म्हटलं की आपल्या समाजाचं डोकं अर्धं भीतीने आणि अर्धं जादूटोण्याने भरलेलं. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि उगाळतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असं लहानपणी ऐकलेलं असतं. त्या भीतीने काही घुबडं वाचलीही असतील. अमावास्येच्या मंत्रतंत्रात मात्र त्यांचे हाल होतात. कायद्याने रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

नावाचा घोळही सुटला. ह्यूम यांचं 'वेगळं घुबड' खरंच इतकं वेगळं आहे का, यावर मतभेद होते. २०१८ मध्ये भारतीय अभ्यासकांनी डीएनए तपासून दाखवलं की ते साध्या पिंगळ्याच्याच अथीनी या प्रजातीतलं आहे. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' वर आला. कारण नव्या नव्या ठिकाणी तो सापडत गेला. तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

नव्या ठिकाणांपैकी एकाने सगळ्यांना बुचकळ्यात पाडलं. २०१४ मध्ये सुनील लाड यांना तो तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे मुंबईच्या नळाला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं जंगल, महानगरापासून शंभरेक किलोमीटरवर. सातपुडा तिथून दूर उत्तरेला राहतो. इथे ना ब्लेविट आला होता, ना डेव्हिडसन, आणि कर्नलच्या चिठ्ठीतही हे नाव नव्हतं. शनिवार-रविवारी दुर्बिणी घेऊन तानशाला जाणारे पक्षिमित्र वर्षानुवर्षं तिथे होते. सागाच्या शेंड्यावरचा पिंगळा पाहून त्यांच्यातल्या कुणी 'साधाच आहे' म्हणत दुर्बीण पुढे वळवली असेल, तर नवल नाही. यादीत तो त्या जंगलाचा नव्हताच.