टाचेच्या कंडरेला ओढ हवी

जिममध्ये हल्ली बीपीसी-157 नावाची कुपी हातोहात फिरते. टाच, गुडघा, खांदा, काहीही दुखत असेल तर टोचून घे, असा सल्ला मिळतो. लेबलवर मात्र बारीक अक्षरांत 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं. ते गंभीरपणे वाचायला हवं.

बीपीसी-157 हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. ही पंधरा अमिनो आम्लांची साखळी जठररसातल्या एका प्रथिनावरून बेतलेली आहे. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संशोधकांनी तिच्यावर बरंच काम केलं. उंदरांच्या टाचेची कापलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या पेप्टाइडने लवकर सांधते, असं त्यांना आढळलं. माणसांवर मोठी, नीट तुलना करणारी चाचणी मात्र झालेली नाही. खेळाडूंसाठी तर 'वाडा'ने, म्हणजे खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, 2022 पासून त्यावर बंदीच घातली आहे. पेप्टाइड म्हटलं की थोतांड, असं अजिबात नाही. टेरिपॅराटाइड हे 34 अमिनो आम्लांचं पेप्टाइड हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांना रोज टोचतात आणि त्याने खरोखर हाड भरतं. पण ते आधी माणसांवरच्या चाचण्यांतून पार पडलं.

आता मूळ प्रश्न. कंडरा दुरुस्त कशी होते?

कंडरेचा बहुतेक कोरडा भाग कोलॅजेनचा असतो. तीन साखळ्यांचा पीळ पडून एक रेणू, असे असंख्य रेणू मिळून तंतू, आणि तंतूंच्या जुड्या. या जुड्यांमध्ये टेनोसाइट नावाच्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. कंडरा ताणली गेली की कोलॅजेनला धरून असलेली पेशीच्या आवरणावरची इंटेग्रिन प्रथिनं खेचली जातात, ती ओढ पेशीच्या आतल्या सांगाड्यातून केंद्रकापर्यंत पोचते, आणि कोलॅजेनची जनुकं कामाला लागतात. म्हणजे पेशीला ओढ कळते! इजेनंतर सुरुवातीला पेशी घाईघाईने बारीक, तिसऱ्या प्रकारचं कोलॅजेन अस्ताव्यस्त विणते. पुढे त्याच्या जागी पहिल्या प्रकारचं दणकट कोलॅजेन येतं. तंतूंनी कोणत्या दिशेने रांग धरायची, हे ओढीवरूनच ठरतं.

ओढ बंद झाली तर? उंदराच्या शेपटीतली कंडरा बाहेर काढून सैल ठेवली, तेव्हा 24 तासांत तिच्या पेशींनी कोलॅजेन तोडणाऱ्या विकराचं जनुक चालू केलं. हलकासा ताण पुन्हा पुन्हा दिल्यावर ते दबलं. महिनोन्‌महिने पाय उशीवर ठेवून बसल्याने दुखणं का हटत नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

स्वीडनच्या उमेओमधले अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये टाचेची कंडरा दुखणाऱ्या 15 हौशी धावपटूंना एक व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावायला लागले. 2015 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी आठवड्यातून तीनदाच, पण जड वजन घेऊन संथ व्यायाम करायला लावला, तरी परिणाम तसाच चांगला आला. मधल्या दिवसांचंही काम असतं. जोरदार व्यायामानंतर पहिला दीड दिवस कोलॅजेन बनण्यापेक्षा मोडतं जास्त, भर पडते ती त्यानंतर.

आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, आणि श्रेय लाथेला जातं. कुपीचंही असंच होऊ शकतं. टोचून घेणारा त्याच सुमारास विश्रांती घेतो, वजन कमी करतो, फिजिओकडे जातो, झोप पुरी करतो. बरं कशामुळे वाटलं, हे तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय ठरवता येत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

अचानक 'टक्‌' असा आवाज येऊन चवड्यावर उभंच राहता येईनासं झालं, तर कंडरा तुटलेली असू शकते. तिथे व्यायाम नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी जुनाट दुखण्यात व्यायाम करताना थोडं दुखलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच कालच्यापेक्षा जास्त ठणकली, तर व्यायामातलं वजन कमी करायचं, व्यायाम सोडायचा नाही.