विभाजक न सापडलेली संयुक्त संख्या

एखादी संख्या संयुक्त आहे असे म्हणणाऱ्याने तिचा निदान एक विभाजक काढून दाखवलाच पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत असते. ती चुकीची आहे, हे विसाव्या फर्मा संख्येइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरी एखादी संख्या दाखवते. २ चा १०,४८,५७६ वा घात काढून त्यात १ मिळवला की ही संख्या तयार होते. तिच्यात ३,१५,६५३ अंक आहेत. दर पानावर दोन हजार अंक छापले तरी १५८ पाने लागतील. ती संयुक्त असल्याचे जेफ यंग आणि डंकन ब्यूएल यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. तिचा विभाजक मात्र अजून कोणालाही सापडलेला नाही.

२ ला १, २, ४, ८, १६ हे घातांक देऊन दर वेळी १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या मिळतात. या पहिल्या पाच फर्मा संख्या. यापुढच्याही सगळ्या मूळच असाव्यात, असे फ्रेंच गणिती पियेर द फर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी पुढचीच संख्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार असल्याचे दाखवले. क्रमांक शून्यापासून मोजतात, म्हणून ती पाचवी.

विभाजकाशिवाय निर्णय देणारी कसोटी फ्रेंच गणिती पेपँ यांनी १८७७ मध्ये दिली. ३ चा वर्ग करायचा, फर्मा संख्येने भागून बाकी घ्यायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करायचा. फर्मा संख्येतल्या २ च्या घातांकापेक्षा एक कमी इतके वर्ग झाल्यावर उरलेली बाकी भाजकापेक्षा बरोबर १ ने कमी असेल तरच तो भाजक मूळ. १७ साठी तीन वर्ग लागतात: ३ चा वर्ग ९, ९ चा ८१, बाकी १३, १३ चा १६९, बाकी १६. म्हणून १७ मूळ आहे. ३ च का, तर ३ नंतरच्या प्रत्येक फर्मा संख्येला ३ ने भागल्यास २ उरतात, आणि अशी संख्या मूळ असेल तर वर्गीय व्युत्क्रमतेच्या नियमानुसार (एका मूळ संख्येने वर्गांना भागल्यावर दुसरी मूळ संख्या बाकी म्हणून येते का, हे सांगणारा नियम) कोणत्याही वर्गाला तिने भागून ३ ही बाकी येऊच शकत नाही. मग वर्ग करत करत मिळालेल्या ३ च्या घाताची बाकी −१ शी समशेष, म्हणजे भाजकापेक्षा १ ने कमी, असावीच लागते.

विसाव्या संख्येसाठी असे १०,४८,५७५ वर्ग करावे लागतात. भागाकार मात्र करावा लागत नाही, आणि मला ही युक्ती फार आवडते. २ चा १०,४८,५७६ वा घात या भाजकाच्या हिशेबात −१ च ठरतो, म्हणून वर्ग द्विमान पद्धतीत लिहून उजवीकडचे १०,४८,५७६ अंक वेगळे काढले आणि त्यांतून डावीकडचा भाग वजा केला की काम झाले. उत्तर ऋण आले तर भाजक मिळवायचा. शेवटची बाकी अपेक्षित आली नाही, आणि संख्या संयुक्त ठरली.

अंकांची बेरीज करत एका अंकावर येऊन माणसाचे भविष्य सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही बेरीज म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी, दुसरे काही नाही. या अवाढव्य संख्येसाठी ती ८ येते आणि १७ साठीही ८ च येते. यांतली एक संयुक्त आहे आणि दुसरी मूळ, एवढासुद्धा भेद त्या अंकाला सांगता येत नाही.

विभाजकाबद्दल आपल्याला एक गोष्ट नक्की ठाऊक आहे: विसाव्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ४१,९४,३०४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असला पाहिजे. अशा एखाद्या उमेदवाराची परीक्षाही सोपी आहे. २ पासून सुरुवात करून वीस वेळा वर्ग करायचे, दर वेळी उमेदवाराने भागून बाकी घ्यायची आणि शेवटी −१ येते का ते पाहायचे. दहा लाखांहून अधिक वर्ग करून जी संख्या संयुक्त ठरली, तिचा विभाजक समोर आला तर तो वीस वर्गांत ओळखता येईल. फक्त उमेदवारांची रांग संपत नाही.