मोठ्या ऑर्डरचा भाव का सरकतो?

“बाजारात रोज एवढी उलाढाल होते, मग माझ्याच ऑर्डरला असा भाव का लागला?” आमच्या डेस्कला (ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात टाकणाऱ्या ब्रोकर टीमला) सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. कारणही बहुधा एकच निघतं: उलाढालीचा आकडा पाहून सगळी ऑर्डर मार्केट भावाने, म्हणजे मिळेल त्या भावाला, एकदम टाकलेली असते. उलाढाल ही दिवसभराची बेरीज आहे. ऑर्डर मात्र त्या क्षणी समोर जो माल लागलेला असतो, त्यातूनच भरते.

शेअरचं उदाहरण घ्या. विक्रीला १००.०० वर २,००० शेअर आहेत, १००.०५ वर ३,०००, १००.१० वर ५,००० आणि १००.२५ वर १०,०००. स्क्रीनवर ठळक दिसतो तो १००.०० हाच भाव. २०,००० शेअर एकदम उचलले तर सरासरी १००.१६ च्या आसपास पडते. अंदाजासाठी आम्ही वर्गमूळाचा ढोबळ नियम वापरतो. शेअरची रोजची हालचाल २ टक्के आणि ऑर्डर दिवसाच्या उलाढालीच्या १ टक्का असेल, तर भावावरचा भार ०.२ टक्क्यांच्या घरात. ऑर्डर चौपट केली की टक्केवारी दुप्पट होते, म्हणजे पैशांत आठपट! शेअरमध्ये मोठा हिस्सा क्लोजिंग ऑक्शनसाठी (दिवसअखेरीस सगळ्या ऑर्डरी एकत्र करून एकच भाव ठरवणाऱ्या लिलावासाठी) राखणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

फ्युचर्समध्ये (पुढच्या ठरलेल्या तारखेच्या सौद्यांत) सगळ्यांची ऑर्डर एकाच बुकात, म्हणजे ऑर्डरींच्या यादीत येते, त्यामुळे डेप्थ (कोणत्या भावाला किती माल लागलाय ते) उघड दिसते. पण ती जवळच्या एक्स्पायरीत (सौदा संपण्याच्या तारखेत). पुढच्या महिन्यांत बुक विरळ असतं, म्हणून रोलओव्हर करताना (सौदा पुढच्या महिन्यात नेताना) दोन वेगळ्या ऑर्डरींऐवजी कॅलेंडर स्प्रेड (दोन्ही महिन्यांची मिळून एकच ऑर्डर) टाका.

वाढती उलाढाल म्हणजे वाढती तरलता (भाव फारसा न हलवता सौदा होणं), हा समज किती महाग पडतो ते ६ मे २०१० ला अमेरिकेत दिसलं. ७५,००० ई-मिनी एस अँड पी (अमेरिकी शेअर निर्देशांकाचे फ्युचर्स) कॉन्ट्रॅक्ट विकायला लावलेला संगणक प्रोग्रॅम मागच्या मिनिटाच्या उलाढालीच्या ९ टक्के एवढंच लक्ष्य धरून चालला होता. भाव आणि वेळेचं बंधन त्यात नव्हतं. ट्रेडर तोच माल एकमेकांना फिरवून विकू लागले, उलाढाल फुगली, प्रोग्रॅमचा वेग आणखी वाढला आणि भाव कोसळला.

चलन बाजार सर्वांत मोठा. एप्रिल २०२२ च्या बीआयएस (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) पाहणीत रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती. पण इथे एक सामाईक बुक नाही. पाच बँकांनी दाखवलेली डेप्थ बऱ्याचदा एकच असते. पाचही जणांकडे एकाच वेळी कोट (भाव) मागितला की प्रत्येकाला तुमचा इरादा कळतो आणि भाव सरकतो. ‘लास्ट लुक’ असेल तर बँक शेवटच्या क्षणी सौदा नाकारूही शकते. मोठ्या रकमेसाठी एक-दोन बँकांकडे पूर्ण रकमेचा कोट घेणं बरं. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही चालू असतात त्या वेळेत काम उरका. न्यूयॉर्क बंद झाल्यावर लगेच स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर) रुंदावतात.

आम्ही मोठ्या ऑर्डरला फोन करून लिमिट (टोकाचा भाव) विचारतो, तेव्हा काही ग्राहकांना ते वेळकाढूपणा वाटतं. पण ती दोन मिनिटं ब्रोकरेजपेक्षा जास्त पैसे वाचवतात. ऑर्डर देतानाच एकूण संख्या, शेवटची वेळ, टोकाचा भाव आणि उलाढालीतला कमाल हिस्सा (साधारण १० टक्के) लिहून दिलात तर फोनची गरजच राहत नाही. तुकडे पाडणं आमच्याकडे. ऑर्डर आली तेव्हाचा भाव आणि मिळालेली सरासरी यांतल्या फरकाचा अहवाल त्याच संध्याकाळी पाठवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.