औषधाच्या चिठ्ठीवर ज्वारी आणि मसूर

मधुमेहाच्या रुग्णाला ‘भात कमी करा, कडधान्ये आणि भाजी वाढवा’ असे सांगणे शास्त्राला धरूनच आहे. पण निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा खानापूरकडे रोजंदारीवर राबणाऱ्या बाईच्या घरी रेशनचा तांदूळ हेच महिनाअखेरीस उरलेले धान्य असेल, तर तो सल्ला पाळायचा कशाने?

अन्नाची ददात मधुमेहाला दोन्ही बाजूंनी बिघडवते. डाळ-भाजी परवडत नाही म्हणून नुसत्या भाताने पोट भरले की साखर चढते. आणि धान्य संपून जेवण चुकले, तरी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीप्रमाणे घेतले जाते व ते रिकाम्या पोटीही आपले काम करीत राहिल्याने साखर धोकादायकरीत्या उतरते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय.’ कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरीब वस्त्यांतील रुग्ण साखर उतरल्यामुळे दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त आढळले.

म्हणून गोळ्यांसोबत अन्नही लिहून द्यावे, हा विचार पुढे आला. अमेरिकेतील एका चाचणीत मधुमेही रुग्णांना कुटुंबासह आठवड्याच्या दहा जेवणांचे सकस जिन्नस आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला देण्यात आला. सहा महिन्यांनी त्यांचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्तातील आकडा, सुमारे १.५ अंकांनी उतरला, पण ज्यांना हे काही मिळाले नव्हते त्यांचाही १.३ अंकांनी उतरला होता. २०२३ मधला हा निकाल प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. मात्र त्याच वर्षी झारखंडमधून आलेला निकाल मला आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो. मंगळूरचे डॉ. अनुराग भार्गव यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तिथे उपासमारच रोगाच्या मुळाशी होती, आणि पिशवी एकट्या रुग्णापुरती नव्हती. एकट्यापुरती दिली असती तर ती घरात वाटली जाणारच, कारण कोणती आई मुलांना वगळून डाळ खाईल?

आपल्याकडे ज्वारी आणि मसूर परके नाहीत. भाकरी आणि घट्ट मसूर आमटी यांतून पांढऱ्या भातापेक्षा तंतू व प्रथिने कितीतरी अधिक मिळतात. अर्थात ज्वारीने साखर चढतच नाही हा समज खरा नाही; भाकऱ्याही मोजूनच खाव्या लागतात. मूत्रपिंड दुबळे झालेल्यांना तर डाळ आणि पालेभाजीचे प्रमाण रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारा घटक) व पोटॅशियम पाहूनच ठरवावे लागते.

धान्याची पिशवी मिळेल तेव्हा मिळो, एक गोष्ट मात्र आजच्या ओपीडीतही होऊ शकते: गोळी लिहिण्यापूर्वी ‘महिनाअखेरीला घरात धान्य पुरतं का, मावशी?’ असे विचारायचे, आणि उत्तर नाही असे आले तर साखर एकदम न उतरवणारे औषध निवडायचे.