मेनूतली अक्षरं एवढीच का? डेस्कटॉपच्या ठरावीक फॉन्ट-आकारामागची कथा

नवा संगणक सुरू केला की मेनू, फाइलींची नावं, बटणांवरचा मजकूर असं सगळं आधीच ठरलेल्या आकारात समोर येतं. विंडोजमध्ये हा आकार ९ पॉइंट आहे, मॅकवर १३, लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपवर ११ आणि केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपवर १०. नुसते आकडे पाहिले तर मॅकची अक्षरं विंडोजच्या जवळजवळ दीडपट वाटतील. पिक्सेलमध्ये मोजली तर विंडोजची १२, मॅकची १३ आणि ग्नोमची साधारण १४.७ भरतात. आकडा लहान असूनही ग्नोम मॅकच्या पुढे जातो, कारण पॉइंट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या हिशेबाने मोजला जातो.

पॉइंट आला छापखान्यातून. अमेरिकी आणि युरोपीय पॉइंटांत पूर्वी फरक होता. ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकी भाषेने १९८० च्या दशकात पॉइंट म्हणजे बरोबर १/७२ इंच असं पक्कं केलं. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदाही इंचाला ७२ पिक्सेलचा होता, म्हणजे एक पॉइंट बरोबर एक पिक्सेल. सोबतचा इमेजरायटर प्रिंटर इंचाला १४४ ठिपके उमटवू शकत असे, म्हणजे पडद्याच्या नेमके दुप्पट. सुझन केअर यांनी काढलेला शिकागो हा फॉन्ट मेनूंत १२ च्या आकारात असे आणि आयकॉनखालची नावं जिनिव्हामध्ये, ९ च्या आकारात. पडद्यावर दिसेल तेच कागदावर उतरावं हा या सगळ्यामागचा हेतू होता. पडदा वाचणाऱ्या डोळ्याला किती मोठं अक्षर लागतं, हा प्रश्न त्यात दुय्यमच राहिला.

मायक्रोसॉफ्टने निराळा हिशेब मांडला. कागद हातात धरून वाचतात त्यापेक्षा पडदा सुमारे एक तृतीयांश लांब असतो, म्हणून अक्षरही तेवढंच वाढवायचं. ७२ चे ९६ झाले ते असे. यात आणखी एक फायदा होता. १० पॉइंटच्या अक्षराला दहाऐवजी तेरा पिक्सेल मिळाले, आणि त्या काळच्या भरड पडद्यांवर तीन पिक्सेल म्हणजे चैन होती. मात्र ९६ हा आकडा मानीव होता. समोरच्या काचेवर एका इंचात खरोखर किती पिक्सेल मावतात, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

विंडोज ९५ मध्ये मेनू आणि डायलॉग बॉक्स ८ पॉइंटच्या एमएस सॅन्स सेरिफमध्ये होते, म्हणजे ११ पिक्सेलमध्ये. आज हे हास्यास्पदरीत्या लहान वाटेल. पण ६४० गुणिले ४८० पिक्सेल दाखवणाऱ्या १४ इंची मॉनिटरवर इंचात जेमतेम ६० पिक्सेल असत, त्यामुळे हे कागदी ८ पॉइंट प्रत्यक्षात १३ पॉइंटांएवढे दिसत. पुढे पडदे दाट होत गेले आणि आकडा मात्र जवळपास तिथेच राहिला. १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या १५.६ इंची लॅपटॉपवर इंचात सुमारे १४१ पिक्सेल असतात. तिथे विंडोजचे ९ पॉइंट, स्केलिंग (पडद्यावरचं सगळं ठरावीक पटीत मोठं करणं) न वाढवल्यास, खऱ्या ६ पॉइंटांवर येतात. नाव तेच, मोजमाप तेच, आणि अक्षर निम्म्याहून लहान!

मग आकडा लवकर का बदलला नाही? एक कारण फॉन्टमध्येच होतं. तेव्हाची अक्षरं ठरावीक आकारांतच नीट दिसत. मॅथ्यू कार्टर यांनी १९९६ चा व्हर्डाना हा फॉन्ट आधी पिक्सेलच्या ठिपक्यांत बसवला आणि बाह्यरेषा नंतर काढल्या. अशा अक्षरांना मधलाच एखादा आकार दिला की काना जाड, मात्रा बारीक अशी गत होई. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. विंडोजमध्ये डायलॉग बॉक्सची मापंच फॉन्टवरून ठरत: आडवं एकक अक्षराच्या सरासरी रुंदीचा चौथा भाग, उभं एकक उंचीचा आठवा. फॉन्टला हात लावला की सगळी चौकट हलायची. शिवाय असंख्य प्रोग्रामांनी मापं थेट पिक्सेलमध्ये लिहिलेली. नेहमीच्या ९६ ऐवजी १२० डीपीआयचा (म्हणजे इंचाला १२० पिक्सेल धरणारा) मोठ्या अक्षरांचा पर्याय होता, पण तो निवडला की कुठे बटण कापलं जाई, कुठे वाक्याचं शेपूट गायब होई. ८ वरून ९ वर जायला २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाची आणि सेगो यूआय या नव्या फॉन्टची वाट पाहावी लागली.

जपानी विंडोज त्याआधीच ९ पॉइंट वापरत होतं, कारण ११ पिक्सेलच्या चौकोनात कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांच्या, रेघा मावत नाहीत. देवनागरीची अडचण वेगळी. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा सोडली की मूळ अक्षराला थोडीच उंची उरते. त्यामुळे विंडोज २००० सोबत आलेला मंगल हा फॉन्ट त्याच आकड्याला शेजारच्या रोमन मजकुरापेक्षा बारीक वाटे.

लिनक्सच्या जगात वाद वेगळाच रंगला. मॉनिटरने आपली लांबी-रुंदी सांगावी आणि त्यावरून खरा डीपीआय काढावा, हा विचार कागदावर निर्दोष आहे. पण काही मॉनिटर लांबी-रुंदीऐवजी १६ आणि ९ हे नुसतं गुणोत्तर कळवतात, आणि प्रोजेक्टरच्या बाबतीत तर खऱ्या इंचाला काही अर्थच नसतो. लिनक्सवर पडद्याचं चित्र हाताळणाऱ्या एक्स.ऑर्ग या प्रणालीने २००९ च्या १.७ आवृत्तीत सरळ ९६ हा आकडा गृहीत धरला. शुद्धतावादी चिडले. मला तो निर्णय व्यवहार्य वाटतो, कारण डोळ्याला इंच कळत नाही, कोन कळतो.

कोनाचा हिशेब १९९२ च्या आयएसओ ९२४१-३ या मानकात होता: अक्षराची उंची डोळ्याशी किमान १६ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करणारी हवी, २० ते २२ असल्यास उत्तम. ६० सेंटीमीटरवरून १६ कला म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर. विंडोजच्या ९ पॉइंटातलं रोमन कॅपिटल अक्षर खऱ्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर सुमारे २.२ मिलिमीटर भरतं. किमान मर्यादेच्याही खाली!

२०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोने इंचाला २२० पिक्सेल दिले आणि जुन्या एका पिक्सेलच्या जागी चार आले. अक्षरं रेखीव झाली, १३ हा आकडा जिथल्या तिथे राहिला. अडतात ते मधले पडदे: २७ इंची फोर-के मॉनिटरवर इंचाला १६३ पिक्सेल, म्हणजे एकपट फार बारीक, दुप्पट फार ढोबळ. दीडपट, सव्वापट अशा अपूर्णांकी स्केलिंगची गरज तिथून वाढली. फक्त अक्षरं वाढवण्याची सोय ग्नोम ‘मोठा मजकूर’ या नावाने देतं, तिथे ११ ला १.२५ ने गुणलं जातं. विंडोज १० मधून मेनू, शीर्षकपट्टी यांचे आकार वेगवेगळे बदलायची जुनी सोय २०१७ मध्ये काढली गेली. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटमध्ये १०० ते २२५ टक्क्यांची एकच पट्टी आली, आणि पिक्सेलमध्ये मापं लिहिलेले काही जुने प्रोग्राम तिलाही दाद देत नाहीत.