आम्लाच्या साहाय्याने अन्न टिकवणे

लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, व्हिनेगर, दही असे आंबट घटक घालून घरी शिजवलेले अन्न नासण्याचा वेग कमी करण्याची पद्धत. अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना आम्ल मानवत नाही, हा तिचा आधार.

आम्लता सामूने (pH) मोजतात. ७ सामू म्हणजे उदासीन. आकडा जितका खाली, तितके आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो; भात, डाळी, मांस व बहुतेक भाज्यांचा ५ ते ७. कळीचा आकडा ४.६ : त्याखाली बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू रुजत नाहीत.

सामू सारखा असला तरी सगळी आम्ले सारखी नसतात. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाचे अविघटित (न फुटलेले, अखंड) रेणू जिवाणूच्या पेशीत सहज शिरतात. आत त्यांचे विघटन होऊन पेशीचा सामू घसरतो आणि तो सावरण्यातच तिची शक्ती खर्ची पडते. म्हणून व्हिनेगर सहसा लिंबातील सायट्रिक आम्लाहून भारी पडते.

घरात गफलत होते ती प्रमाणाची. पातेलंभर डाळीत अर्धे लिंबू पिळले की चव येते, पण प्रथिने बरेचसे आम्ल निष्प्रभ करत असल्याने सामू जेमतेम हलतो. अशी डाळ उबेत रात्रभर राहिली तर सकाळी तिला तार सुटलेलीच असते. जिभेचा कौलही भरवशाचा नाही. साखर घातली की आंबटपणा दबतो, सामू मात्र जागचा हलत नाही. आधीच विटलेले अन्न आंबट घालून सावरत नाही, कारण काही जिवाणूंची विषे आम्लाला आणि पुन्हा उकळण्यालाही दाद देत नाहीत. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे, आंबट असो वा नसो.

आंबट शेवटी घालावे. आधी घातल्यास कडधान्ये लवकर शिजत नाहीत आणि हिरव्या भाज्या काळपट पडतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात असे अन्न कळकते, ॲल्युमिनियमही झिजते. काच, चिनी माती किंवा स्टील बरे.

बुरशी आणि यीस्ट आम्लाला फारशा बधत नाहीत. काही बुरशी तर आम्लच खाऊन सामू वर चढवतात आणि जिवाणूंना वाट मोकळी करून देतात. त्यामुळे बुरशीचा वरचा थर काढून खालचे खाणे धोक्याचे.

थंडावा आणि आम्ल नेहमी एकमेकांच्या मदतीला येतात, असेही नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमधील साल्मोनेला हा विषबाधा घडवणारा जिवाणू लिंबाने किंवा व्हिनेगरने मरतो, पण फ्रिजमध्ये ही क्रिया मंदावते. तिथे पाश्चरीकृत (जंतू मरतील इतपतच तापवलेली) अंडी वापरणेच खात्रीचे.